पाठवणाऱ्याचा पत्ता

जुलै उजाडला की आयकर विवरणपत्रं भरायची घाई सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ ते मेल येऊ लागतात. वर अशोकस्तंभ, खाली निळं बटण, मधे दोन ओळी: आपला परतावा मंजूर झाला आहे, रक्कम जमा होण्यासाठी खात्याचा तपशील पडताळून द्या. २०२३ साली याच धर्तीचा एक संदेश देशभर फिरला. त्यात परताव्याची रक्कम होती १५,४९० रुपये. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-तपासणी विभागाने तो खोटा असल्याचं जाहीर केलं. पण तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. दीड लाख लिहिले असते तर वाचणारा थबकला असता. पंधरा हजार चारशे नव्वद ही रक्कम मात्र पगारातून कापलेल्या टीडीएसमधून खरोखर परत यावी अशी आहे, आणि महिनाअखेरीला हवीहवीशी वाटावी इतकी आहे.

विश्वासातल्या कुणाचं तरी नाव लावून मेल पाठवायचा आणि माणसाच्याच हातून पासवर्ड, कार्डाचा क्रमांक, ओटीपी किंवा थेट पैसे काढून घ्यायचे, याला फिशिंग म्हणतात. त्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं, पण ते बहुतेक 'असा मेल ओळखायचा कसा' इथे सुरू होऊन तिथेच संपतं. ओळखलेल्या मेलचं पुढे काय करायचं, आणि ओळखता आला नाही तर पहिल्या तासाभरात काय करायचं, हा भाग एखादा हेल्पलाइन क्रमांक देऊन उरकला जातो. हा विषय पुन्हा एकदा मुळापासून चाळल्यावर माझं मत असं झालं आहे की कळवणं हे ओळखण्याइतकंच, किंबहुना काकणभर अधिक मोलाचं आहे. ते का, हे सांगायला ओळखण्याच्या वाटेनेच जावं लागेल.

शब्द तीस वर्षांचा आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत 'अमेरिका ऑनलाइन' ही इंटरनेट सेवा भरात होती. काही पोरं कंपनीचा माणूस असल्याचं भासवून तिच्या ग्राहकांकडून पासवर्ड काढून घेत. गळ टाकून मासा धरण्यावरून त्याला नाव पडलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एफच्या जागी पीएच आलं ते टेलिफोनच्या यंत्रणेत शिरणाऱ्या आधीच्या पिढीच्या 'फ्रीकिंग'वरून. तशाच विश्वासाचा फायदा घेत ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' असा विषय लिहिलेला मेल मनिलाहून निघाला आणि एका दिवसात जगभरच्या कचेऱ्यांत पोचला. सोबतची फाइल प्रेमपत्र म्हणून ज्यांनी उघडली, त्यांच्या संपर्कवहीतल्या प्रत्येकाला तोच मेल त्यांच्याच नावाने गेला. ज्याच्यावर संशय होता तो तरुण सुटला, कारण फिलिपिन्समध्ये या कृत्याला गुन्हा म्हणणारा कायदाच तेव्हा नव्हता.

आपल्याकडेही वेगळं नव्हतं. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात फिशिंग बसवायला नेमकं कलम सापडत नव्हतं. एका नोकरभरती संस्थेने नॅसकॉम या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेच्या नावाने मेल पाठवून लोकांची माहिती गोळा केली, तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २३ मार्च २००५ च्या निकालात न्यायालयाने फिशिंग म्हणजे काय हे आधी समजावून सांगितलं आणि वेगळा कायदा नसला तरी ते बेकायदेशीरच आहे असं ठरवलं. प्रतिवादींनी १६ लाख रुपये द्यायचे ठरले. पुढे २००८ ची दुरुस्ती आली, २७ ऑक्टोबर २००९ पासून ती लागू झाली. दुसऱ्याची ओळख चोरण्यासाठी ६६ क आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ६६ ड ही कलमं तिच्यातलीच. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

खोट्या नावाने मेल पाठवता येतो तरी कसा? आंतरदेशीय पत्र आठवा. त्याच्या मागच्या बाजूला 'प्रेषक' असं छापलेलं असे आणि तिथे आपण हवं ते नाव लिहू शकत होतो. पोस्टमन फक्त पुढचा पत्ता बघायचा. मागचा खरा की खोटा हे तपासणं पोस्टाचं काम नव्हतं. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेलच्या वाहतुकीचे जे नियम लिहिले, त्यांचं अगदी असंच होतं. विद्यापीठांतले एकमेकांना ओळखणारे थोडे लोक मेल पाठवत होते. प्रेषकाची खात्री करायची गरज कुणाला वाटली नाही. ती उणीव अजून पुरती बुजलेली नाही. नंतर तीन ठिगळं लावली गेली. एसपीएफमध्ये संस्था जाहीर करते की माझे मेल अमुकच सर्व्हरवरून निघतील. डीकेआयएम म्हणजे लाखेची मोहोर. आणि मोहोर नसलेल्या पत्राचं काय करायचं, ठेवायचं की फेकायचं, हे डीमार्क सांगतं. दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने ही तिन्ही सक्तीची केली. त्यामुळे बँकेच्या नेमक्या पत्त्याची नक्कल करणं अवघड झालं. पण बँकेच्या नावाशी मिळतंजुळतं नवं नाव विकत घेणाऱ्याला ही तिन्ही ठिगळं अडवत नाहीत. तो स्वतःच्या पत्रावर स्वतःची मोहोर रीतसर लावतो, आणि ती तपासात खरी ठरते.

म्हणून पत्ता वाचायला शिकावं लागतं. आणि मराठी माणसाला ते शिकवायला मला गावाच्या पत्त्यापेक्षा चांगलं साधन सापडलेलं नाही. 'औंध' म्हटलं की पुण्याच्या माणसाला विद्यापीठाजवळचा भाग आठवतो. पण पाकिटावर 'मु. पो. औंध, ता. खटाव, जि. सातारा' असेल तर पत्र पुण्याला जात नाही. सुरुवातीचं नाव कितीही ओळखीचं असो, पत्र कुठे जाणार हे शेवटचा जिल्हा ठरवतो. वेबसाइटचा पत्ता तसाच असतो. 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' यात 'गव्ह डॉट इन' हा शेवट म्हणजे जिल्हा. तो सरकारी खात्यांनाच मिळतो. 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असं दिसलं तर मालक अमुकतमुक आहे. आधीचं सगळं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं गावाचं नाव. पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची आणि तिच्यापासून डावीकडे, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत जायचं. त्या रेघेच्या पुढे काय लिहिलंय याला किंमत द्यायची नाही. मोबाइलवर मेल उघडला की प्रेषकाचं नुसतं नाव दिसतं, पत्ता नाही. नावावर बोट टेकवलं की तो उलगडतो. दुव्यावर बोट दाबून धरलं की तो दुवा कुठे नेणार आहे ते न उघडताच दिसतं. या दोन कृती घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसून करून दाखवाव्यात. फोनवर सांगून त्या कळत नाहीत.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलेला निर्णय मला याच कारणासाठी फार महत्त्वाचा वाटतो. भारतातल्या बँकांच्या संकेतस्थळांना 'डॉट बँक डॉट इन' हा शेवट घ्यायला सांगण्यात आलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली गेली. ही नावं देण्याचा अधिकार फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे. म्हणजे ज्या जिल्ह्यात बँकेखेरीज कुणाला घर घेता येत नाही, असा जिल्हाच वसवला गेला. सहकारी बँकेच्या सभासदापासून मोठ्या बँकेच्या ग्राहकापर्यंत सगळ्यांना सांगता येईल असा एक नियम त्यामुळे हाती आला. त्याचा प्रचार मात्र गावोगावच्या शाखांच्या भिंतींवर व्हायला हवा.

पत्ता वाचण्यालाही मर्यादा आहेत. रोमन आर आणि एन शेजारी शेजारी आले की छोट्या पडद्यावर ते एमसारखे दिसतात. २०१७ साली एका संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरं वापरून ॲपल कंपनीच्या नावासारखं हुबेहूब दिसणारं नाव नोंदवून दाखवलं, तेव्हा ब्राउझर बनवणाऱ्यांना दुरुस्ती करावी लागली. क्यूआर कोडचा पत्ता तर डोळ्यांना दिसतच नाही.

आणि काही जुने सल्ले आता टाकून दिलेलेच बरे. पहिला कुलपाचा. पत्त्याशेजारचं कुलूप इतकंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधली वाट बंदिस्त आहे. वाटेच्या टोकाला कोण बसलंय याबद्दल ते काही सांगत नाही. त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं २०१५ च्या अखेरीपासून फुकट मिळू लागली, आणि भामटेही ती घेतात. दुसरा सल्ला अशुद्ध भाषेचा. मायक्रोसॉफ्टच्या कॉर्मक हर्ली यांनी २०१२ मध्ये एक सुंदर निबंध लिहिला होता. नायजेरियन राजपुत्राच्या वारशाच्या मेलमध्ये इतका उघड वेडगळपणा का असतो, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं की त्या वेडगळपणाने शहाणे लोक आपोआप गळतात आणि शेवटपर्यंत येतील असेच वाचक मागे उरतात. तेव्हा चुका हा नेहमी अडाणीपणा नव्हता, कधी कधी ती चाळण होती. आता तर भाषेचा आधार पुरताच गेला. कालपरवापर्यंत आपल्याला मराठीने वाचवलं होतं. 'आपले खाते निलंबित केली गेले आहे' असं वाक्य आलं की मेल कुठून आला असेल हे कळायचं. आता लिहून देणारी यंत्रं स्वच्छ मराठी लिहितात, हुद्द्यासकट आणि 'आपला विश्वासू'सकट. ऱ्हस्व-दीर्घ तपासून मेलची पारख करणाऱ्या शिक्षकांची ही कसोटी आता चालत नाही, हे त्यांना प्रेमाने सांगायला हवं.

मग उरतं काय? मेल कसा दिसतो ते बाजूला ठेवून तो काय करायला सांगतो ते बघणं. घाई करायला सांगतो का, कुणाला न विचारता करायला सांगतो का, आणि रोजची वाट सोडून त्याने दिलेल्या वाटेने यायला सांगतो का. तिसरी खूण सर्वांत भरवशाची. बँकेचा मेल आला तर मेलमधून बँकेत जायचं नाही. ॲप उघडायचं किंवा कार्डाच्या पाठीवरचा क्रमांक लावायचा. इंटरनेटवर शोधून मिळालेला 'कस्टमर केअर' क्रमांक लावायचा नाही, तिथेही तेच लोक बसलेले असतात. आयकर खात्याच्या पत्राला १ ऑक्टोबर २०१९ पासून दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो ई-फायलिंगच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही तपासता येतो. ही सोय आहे हे करदात्यांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. माझ्या ओळखीतल्या दोन करसल्लागारांनाही ते नव्याने सांगावं लागलं.

इथवरचं सगळं पाठ केलेला माणूससुद्धा फसतो. हे मान्य केल्याशिवाय या विषयात पुढे जाता येत नाही. मार्च २०११ मध्ये आरएसए ही कंपनी फसली. जगभरच्या बँकांना सुरक्षा-टोकन पुरवणं हाच तिचा धंदा. '२०११ ची भरती योजना' असा विषय असलेला मेल गाळणीने बरोबर ओळखून जंक फोल्डरमध्ये टाकला होता. एका कर्मचाऱ्याने तो तिथून बाहेर काढून सोबतची एक्सेल फाइल उघडली. लिथुआनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कासने २०१३ ते २०१५ या काळात तैवानच्या एका खऱ्या पुरवठादार कंपनीचं नाव घेऊन गूगल आणि फेसबुकला बिलं पाठवली, आणि दोघींकडून मिळून दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम त्याच्या खात्यांत जमा झाली. २००६ मध्ये रचना धमिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ जणांना खऱ्या-खोट्या साइट दाखवल्या. सगळ्यांत चांगल्या बनावट साइटने ९० टक्के लोकांना चकवलं. शिक्षण, वय, संगणकाचा अनुभव यांचा त्यात फारसा संबंध दिसला नाही.

प्रशिक्षणाने सुटेल म्हणावं, तर तिथला पुरावा धक्का देणारा आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीतल्या १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना १५ महिने लटके फिशिंग मेल पाठवले. क्लिक केलं की लगेच समजावणारं पान उघडायचं, ही नेहमीची पद्धत. त्या पानाने लोक सुधारले नाहीत. उलट पुढच्या वेळी अधिक फसले. बहुधा आपली काळजी कंपनी घेतेय असा समज त्यांचा झाला असावा. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठ रुग्णालयात १९,५०० कर्मचाऱ्यांवर आठ महिने चाललेल्या आणि २०२५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात प्रशिक्षण घेतलेल्यांचं फसणं जेमतेम १.७ टक्क्यांनी कमी आढळलं. वेळही फार थोडा असतो. व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या २०२४ च्या अहवालानुसार मेल उघडल्यापासून दुव्यावर क्लिक व्हायला मध्यक वेळ २१ सेकंद आणि माहिती भरायला आणखी २८. मिनिटाच्या आत सगळं आटोपलेलं असतं.

पण झुरिकच्या त्याच प्रयोगात दुसरा एक निष्कर्ष होता आणि तो बातम्यांत मागे पडला. कर्मचाऱ्यांच्या मेलखिडकीत 'संशयास्पद मेल कळवा' असं बटण दिलं होतं. नवा खोटा मेल आल्यावर काही मिनिटांत पहिल्या तक्रारी येत होत्या, आणि पंधरा महिने झाले तरी लोक कळवायचे थकले नाहीत. प्रत्येक जण प्रत्येक वेळी ओळखेल ही अपेक्षा फोल ठरली; हजारांतले काही जण तरी ओळखतील, ही अपेक्षा मात्र पुरी झाली. त्या काही जणांनी लगेच कळवलं तर बाकीच्यांच्या खिडकीतून मेल काढून घेता येतो. वाडीत एका घरात साप निघाला की ते घर आधी आरडाओरडा करतं, तसं हे आहे.

कळवल्यावर नेमकं काय होतं ते सांगतो, कारण 'कळवून काय होणार' हाच सर्वांत मोठा अडसर आहे. जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांखाली 'फिशिंग कळवा' असा पर्याय असतो. तो 'स्पॅम'पेक्षा वेगळा. स्पॅम म्हणजे नको असलेली जाहिरात. फिशिंग म्हणून कळवलेली पानं तपासून गूगलच्या सेफ ब्राउझिंग यादीत टाकली जातात, आणि ती यादी क्रोमबरोबर फायरफॉक्स आणि सफारीही वापरतात. त्यानंतर त्या दुव्यावर जाणाऱ्याला लाल इशारा दिसतो. फसवी पानं फार काळ जगत नाहीत, अनेकदा काही तासांतच मालक ती सोडून नवं पान मांडतो. म्हणून संध्याकाळी सवडीने कळवण्यात अर्थ उरत नाही.

देशपातळीवर हे काम सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेचं. जानेवारी २००४ पासून ही यंत्रणा चालू आहे आणि फिशिंग मेल तिच्याकडे पाठवता येतात. बँक, आयकर खातं यांच्याकडेही अशा मेलसाठी वेगळे पत्ते असतात. पाठवताना एक काळजी घ्यायची. स्क्रीनशॉट पाठवू नये, नुसता फॉरवर्डही करू नये. मूळ मेल अटॅचमेंट म्हणून जोडावा. पत्रावर जसे वाटेतल्या प्रत्येक टपाल कार्यालयाचे शिक्के उमटतात, तसे मेलच्या हेडरमध्ये तो ज्या ज्या सर्व्हरवरून आला त्यांच्या नोंदी असतात. प्रेषकाचं नाव खोटं असलं तरी शेवटच्या टप्प्यांचे शिक्के खरे असतात. साध्या फॉरवर्डमध्ये ते गळून जातात, स्क्रीनशॉटमध्ये तर नसतातच. तपास करणाऱ्याला हवे असतात ते शिक्के.

पैसे गेले असतील तर मात्र मेलबिल नंतर, आधी १९३०. ही हेल्पलाइन २०२१ मध्ये १५५२६० या क्रमांकाने सुरू झाली आणि पुढच्या वर्षी १९३० हा सोपा क्रमांक मिळाला. चोरलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत. भाड्याने घेतलेल्या दोन-चार खात्यांतून ते पुढे सरकतात आणि कुठेतरी एटीएममधून काढले जातात. १९३० वर तक्रार नोंदली की व्यवहाराची माहिती ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते. तिथून पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेकडे. जिथे गाठतील तिथे रक्कम गोठवली जाते. ही शर्यत आहे, आणि तक्रारदाराच्या हातात फक्त सुरुवातीचा क्षण असतो. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं. त्यात सगळ्या तऱ्हा आल्या, मेलचा वाटा त्यातला एक.

कळवण्याचा वेळ पैशांत कसा मोजला जातो, हे मी घरात पाहिलं. माझी मावशी निवृत्त शिक्षिका. परताव्याच्या मेलवरून तिने कार्डाचा तपशील भरला, ओटीपी दिला, आणि त्याच दुपारी १९ हजार गेले. ते तिने कुणालाच सांगितलं नाही. लेकीकडे सिंगापूरला गेली होती तेव्हा कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केले होते, ते बंद करायचे राहून गेले होते. तिसऱ्या दिवशी परदेशातल्या दोन साइटवर आणखी २७ हजारांची खरेदी झाली, आणि त्याला ओटीपी लागलाच नाही. चौथ्या दिवशी मी सहज गेलो तेव्हा तिचा चेहरा बघून विचारलं. 'मावशी, पहिल्याच दिवशी फोन का नाही केलास?' ती म्हणाली, 'काय तोंडाने करू? बत्तीस वर्षं मी गणित शिकवलंय.'

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी त्या रात्री काढून वाचलं. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार नाही; चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला कमाल दहा हजार. ग्राहकाने स्वतः ओटीपी देऊन टाकला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. पण पुढचं वाक्य कुणी सांगत नाही: कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. मावशीने त्याच दुपारी एक फोन केला असता तर २७ हजार तिचे राहिले असते. ते गेले ते लाजेपायी.

या लाजेला आपण सगळे खतपाणी घालतो. 'एवढं शिकलेला आणि फसला कसा' हे वाक्य प्रत्येक बातमीखाली असतं. कचेऱ्यांत क्लिक करणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोर घेतात, कुठे वार्षिक मूल्यमापनात खूण करतात. मग पुढचा माणूस क्लिक झाल्यावर खिडकी बंद करून गप्प बसतो, आणि चोराला हवे तेवढे दिवस मिळतात. डिसेंबर २०२० मध्ये गोडॅडी कंपनीने आपल्याच लोकांची परीक्षा घ्यायला ६५० डॉलरच्या सुट्टीच्या बोनसचा खोटा मेल पाठवला. कोविडच्या त्या वर्षात सुमारे पाचशे जणांनी आशेने माहिती भरली. कंपनीला नंतर माफी मागावी लागली. अशी परीक्षा दिलेला माणूस सुरक्षा विभागाला आपणहून काही कळवायला जाईल, असं मला वाटत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार संस्थांनी फिशिंगसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. पण आतल्या माणसाने सांगितलंच नाही, तर हे सहा तास सुरूच होत नाहीत.

फिशिंग वेळेत लक्षात न येण्याची सर्वांत जबर किंमत छोटे उद्योजक देतात. चाकण, सातपूर, बुटीबोरीच्या शेडमधून परदेशात माल पाठवणारे, किंवा तिकडून यंत्राचे सुटे भाग मागवणारे. कंपनीचा व्यवहार एका मेलखात्यावर, आणि त्याचा पासवर्ड मालक व अकाउंटंट दोघांकडे. एकदा तो फिशिंगने हाती लागला की चोर लगेच काही करत नाही. तो आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार वाचत बसतो. पुरवठादाराचे मेल गुपचूप दुसरीकडे वळवणारा नियम सेटिंगमध्ये लावून ठेवतो. पैसे पाठवायची वेळ आली की जुन्याच मेलच्या धाग्यात, त्याच भाषेत, त्याच बिल क्रमांकासह दोन ओळी येतात: लेखापरीक्षणामुळे आमचं बँक खातं बदललं आहे, या वेळी इथे पाठवा. एका अक्षराचा फरक असलेला पत्ता घाईत दिसत नाही. पोलीस तक्रारीत याला 'मॅन इन द मिडल' म्हणतात. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ मध्ये या प्रकारच्या २१ हजारांवर तक्रारी आल्या आणि नुकसान २.९ अब्ज डॉलर होतं. उपाय साधा आणि जुना: खातं बदलल्याचा मेल आला की आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून ओळखीच्या आवाजाला विचारायचं. आणि महिन्यातून एकदा मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपण न लावलेला फॉरवर्डिंगचा नियम नाही ना, हे बघायचं.

तक्रारीची वाट मात्र अजून सोपी झालेली नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. प्रत्यक्षात मात्र 'सायबरला जा' हे उत्तर अजून मिळतं. त्याचं एक कारण कायद्यातच आहे: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७८ व्या कलमाप्रमाणे तपास किमान निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, आणि तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक एखादाच असतो. फसवे फोन, एसएमएस आणि व्हॉट्सॲप कळवायला मार्च २०२४ मध्ये 'चक्षू' ही सोय झाली. मेलसाठी तितकं तोंडी बसलेलं नाव नाही. ब्रिटनने एप्रिल २०२० मध्ये एकच मेलपत्ता जाहीर केला आणि लोकांना सांगितलं, शंका आली की इथे पुढे ढकला, बाकी आम्ही बघतो. एसएमएससाठी ७७२६. १९३० जसा पोरासोरांना पाठ झाला, तसा मेलचा एक पत्ता आपल्याला हवा आहे, आणि पावतीचं उत्तर मराठीत यायला हवं.

बँकांनाही एक सांगणं आहे. केवायसी अद्ययावत करण्यासाठी इथे क्लिक करा, असे खरे मेल अजून काही बँका पाठवतात, तेही बाहेरच्या विपणन कंपनीच्या पत्त्यावरून. एकीकडे 'दुव्यावर क्लिक करू नका' अशी जाहिरात करायची आणि दुसरीकडे स्वतःच क्लिक करायला लावायचं, यात ग्राहकाने काय शिकावं? पासवर्डची जागा घेणारी पासकी आता आली आहे, सुरक्षा-किल्ली हे छोटं उपकरण तर आधीपासून आहे. या दोन्ही साइटचा पत्ता स्वतः तपासतात आणि बनावट पत्त्यावर चालतच नाहीत. गूगलने २०१७ मध्ये आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या दिल्या. त्यानंतर कामाच्या खात्यांवर एकही फिशिंग यशस्वी झाल्याची नोंद नसल्याचं कंपनीने पुढच्या वर्षी सांगितलं. डोळ्यांवरचा भार यंत्रावर टाकता येतो. बँकांनी ते आपणहून करावं.

मावशीच्या तक्रारीवर पोलिसांनी पहिली गोष्ट मागितली ती मूळ मेल. तो तिने त्याच दिवशी रागाने पुसून टाकला होता, ट्रॅशमधूनही. आता तिच्या मेलमध्ये 'संशयित' नावाचा एक कप्पा आहे. गेल्या रविवारी तिने तो मला दाखवला. जानेवारीपासूनचे चौदा मेल होते आणि प्रत्येक अटॅचमेंट म्हणून जोडून पुढे पाठवलेला. शेजारी वहीत पेन्सिलीने तारीख, वेळ आणि कुणाला कळवलं ते लिहिलेलं. तिच्या हास्यसंघातल्या बायका आता दुवा उघडण्याआधी तिला फोन करतात.